रिनाल्डीच्या बेकरीला उजवीकडे

डेल्फिना गॅलिझियाला रस्ता विचारून मोंटानातल्या ब्यूट गावात कुणी ठरल्या ठिकाणी पोहोचलं, असं सहसा होत नसे. नेब्रास्काचं एक जोडपं जेवायला म्हणून निघालं ते थेट विमानतळावर गेलं. चार जर्मन बायकांना तांब्याच्या राजाची हवेली बघायची होती, त्या दफनभूमीत जाऊन पोहोचल्या. तिथे त्यांना इतकं आवडलं की दुपारभर फोटो काढत बसल्या, हा भाग वेगळा. यात डेल्फिनाची काही चूक होती असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही. तिने सांगितलेला रस्ता अगदी बिनचूक असे. फक्त त्या रस्त्यावरच्या खुणा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पडलेल्या, जळलेल्या किंवा खड्ड्यात गेलेल्या असत.

खड्डा, म्हणजे तांब्याची जुनी उघडी खाण, हे आमच्या गावचं मुख्य प्रेक्षणीय स्थळ. मैलभर लांब, आणि तळाशी साचलेलं तांबूस-हिरवं विषारी पाणी, ज्यात कुणी हात घालू नये आणि ज्यावर पाखरू उतरू नये म्हणून बंदुकीचे बार काढावे लागतात. हे बघायला लोक तिकीट काढून येतात. आधी एक लाकडी दुकान, त्यात तिकिटाची खिडकी, मग बांधातून जाणारा लांब बोगदा आणि बोगद्याच्या टोकाला कठड्याचा सज्जा. खिडकीत डेल्फिना. मार्चमध्ये बर्फ हटलं की ती खिडकी उघडायची, नोव्हेंबरात बंद करायची, आणि असे सतरा हंगाम तिने काढले होते. ठेंगणी, गुबगुबीत, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, आणि ओठांना न चुकता लाली. "पुढे गेल्यावर जे बघायचंय ते बघायचंच आहे लोकांना," ती म्हणायची, "निदान सुरुवातीला तरी काहीतरी बरं दिसू दे."

जिभेला तिच्या हाड नव्हतं. "या पाण्यात पोहता येतं का हो?" असं दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारायचंच. "येतं की," डेल्फिना तिकीट फाडत सांगायची. "कपडे इथेच ठेवून जा, घरच्यांना पाठवायला बरे पडतात." पण लहान मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला ती आपली खुर्ची द्यायची, आणि बोगद्यात थंडी असते म्हणून खुंटीवरची आपली लोकरी शालही द्यायची. तीन शाली परत आल्या नाहीत. चौथी तिने स्वतःच विणली आणि तीही खुंटीवर टांगली.

सकाळी कुलूप उघडलं की पहिला माणूस यायच्या आत ती कॉफीचा कप घेऊन एकटीच बोगद्यातून सज्ज्यावर जायची. समोर काय दिसतं? पाणी, पाण्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेला पिवळा कडा, वर आभाळ. डेल्फिनाला तिथे मीडरव्हिल दिसायचं. इटालियन लोकांची वस्ती, शाळा, चर्च, रात्रभर उघडी राहणारी जेवणघरं, दारोदारी वाइनसाठी उतरवलेल्या द्राक्षाच्या पेट्या. ती तेरा वर्षांची असताना कंपनीने ते सगळं विकत घेतलं, कारण तांबं खाली होतं आणि माणसं वर. कठड्याचा डावीकडचा तिसरा खांब धरून सरळ बघितलं की पाण्याच्या वर बरंच उंच, नुसत्या हवेत, त्यांच्या स्वयंपाकघराची जागा होती. तिकडे बघत ती कॉफी संपवायची. नवरा गेल्यापासून माहेर म्हणायला तिला हीच जागा उरली होती. पगार घेऊन रोज माहेरी जाता येईल अशी नोकरी साऱ्या मोंटानात एकच होती, आणि ती तिला मिळाली होती. ती कुणाला हे सांगत नसे. सांगितलं असतं तर कचेरीवाले तेही तिकिटाच्या दरात धरा म्हणाले असते.

तर त्या वर्षी वसंतात पर्यटन कचेरीत नवी व्यवस्थापक आली, मारेन टॉफ्टे नावाची. मिनेसोटाची. वय बत्तीस, उंच, सरळ, पोरीचं सगळंच सरळ. हिशेबीपणे हसायची नाही, पण हसायच्या आधी कारण शोधायची. तिने पहिल्या महिन्यात तक्रारींची पेटी उघडली आणि तिला दिसलं की गावात हरवलेले सगळे पाहुणे एकाच खिडकीपासून निघालेले आहेत.

"डेल्फिना," मारेन खिडकीशी येऊन म्हणाली, "तुम्ही या लोकांना काय सांगितलंत? हे बघा. 'आम्हाला रिनाल्डीच्या बेकरीला उजवीकडे वळायला सांगितलं. बेकरी सापडली नाही.'"

"डोळे तपासून घ्या म्हणावं."

"बेकरी आहे का तिथे?"

"अगं, होती म्हणून तर त्या वळणाला रिनाल्डी म्हणतात."

"कधी होती?"

डेल्फिनाने जरा विचार केला. "केनेडी होता तेव्हा."

 मारेनने वही काढून लिहून घेतलं. डेल्फिनाला वाटलं, पोरगी हार मानून गेली. पण पोरगी मिनेसोटाची होती. तिने जुने नकाशे काढले. म्हाताऱ्या खाणकामगारांच्या अड्ड्यावर जाऊन, स्वतः न पिता, त्यांना बिअर पाजली. शनिवारी-रविवारी पायी हिंडली. आणि जूनमध्ये तिने डेल्फिनाच्या हातात एक कागद ठेवला. कागदावर दोन रकाने होते. डावीकडे, डेल्फिना काय म्हणते. उजवीकडे, तिथे आता काय आहे. रिनाल्डीची बेकरी, टायरचं दुकान. फिनलंडवाल्यांचं न्हाणीघर, गाड्या लावायची मोकळी जागा. बागेचं फाटक, काही नाही. अशा त्रेचाळीस ओळी होत्या.

"डावा रकाना विसरायचा," मारेन म्हणाली. "उजवा पाठ करायचा. हंगाम संपताना मी पाहुणी म्हणून येईन आणि दहा प्रश्न विचारीन. आठ बरोबर आले पाहिजेत."

"आणि नाही आले तर?"

मारेनने खाली बघितलं. तिला हे बोलायला आवडत नव्हतं, हे डेल्फिनालाही दिसलं. "तर पुढच्या वर्षी इथे तिकिटाचं यंत्र बसेल. वरून तसं ठरलंय. मी फक्त परीक्षेपुरती मुदत मागून घेतलीय."

"यंत्राला लाली लावणार का?" डेल्फिनाने विचारलं. पण घरी जाताना ती वाटभर हिशेब करत राहिली. यंत्र बसलं की सज्ज्याची किल्लीही जाणार. मग एका कपभर कॉफीसाठी तिकीट काढायचं, आणि पर्यटकांच्या गर्दीत उभं राहून आपल्या आईचं स्वयंपाकघर बघायचं.

घरी तिचा थोरला भाऊ प्रीमो होता. गावाखालच्या सपाटीवरच्या पांढऱ्या घरात दोघंच राहायची. प्रीमो ऐंशीचा, चाळीस वर्षं जमिनीखाली काढलेला, हात अजून फावड्याएवढे. सकाळी तो अगदी शहाणा असायचा, सिगार ओढत वर्तमानपत्रातल्या चुका काढायचा. दुपारनंतर मात्र त्याच्या डोक्यात वर्षं एकमेकांत मिसळायची. डॉक्टरने त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. डेल्फिना त्याला "प्रीमोची संध्याकाळ" म्हणायची.

रात्रीच्या जेवणाला रॅव्हिओली आणि रताळ्याची कोशिंबीर वाढली की ती कागद पाण्याच्या जगला टेकवून ठेवायची आणि घोकायची. "सिग्नलच्या तिसऱ्या दिव्याला डावीकडे. मग टायरचं दुकान."

"कसलं टायरचं दुकान?" प्रीमो काटा खाली ठेवायचा. "तिथे रिनाल्डीची बेकरी आहे."

"आता नाही, प्रीमो."

"परवाच ब्रेडच्या कांड्या आणल्या मी. दोन जुड्या."

"परवा नाही रे."

"खोटं का बोलतेस? आईला सांगू?"

अशा मास्तरापुढे कोण पास होणार! उजवा रकाना पाठ करावा आणि समोरच्या माणसाने डावा शपथेवर सांगावा. बरं, त्याच्याशी भांडायची तिला इच्छाही नसायची. खरं सांगायचं तर त्या घटकाभरात प्रीमो जे बोलायचा ते ऐकायला तिला गोड वाटायचं. अख्ख्या गावात तिचं बोलणं जसंच्या तसं कळणारा तो एकच माणूस उरला होता. मग ती कागद घडी करून ठेवायची आणि विचारायची, "रिनाल्डीची थोरली काय म्हणते?" आणि प्रीमो सांगत बसायचा.

मधल्या महिन्यांत मारेन येत-जात राहिली. उन्हाळ्यात ती पाहुण्यांच्या लाल ट्रॉली-बसमधून फिरायची, वाटेत खिडकीशी उतरायची आणि उभ्या उभ्या पेस्टी, खाणकामगारांची मांस-बटाटा भरलेली करंजी, खायची. तिने पहिल्यांदा पेस्टीवर टोमॅटोचा सॉस ओतला तेव्हा डेल्फिनाने ती तिच्या हातून काढून घेतली. "हे मिनेसोटात कर. इथे लोक बघतायत." दुसऱ्या वेळी मारेनने आधी डेल्फिनाकडे बघितलं आणि मग सॉसच्या बाटलीकडे. डेल्फिनाने नको म्हणून मान हलवली. त्या दिवशी मारेन कारण न शोधता हसली. पण परीक्षेची तारीख काही तिने पुढे ढकलली नाही. ऑक्टोबरचा तिसरा शुक्रवार, दुपारी दोन.

त्या शुक्रवारी वारा सुटला होता आणि डोंगराकडून बर्फाची भुरभुर येत होती. पाहुणे नव्हतेच. दोनच्या ठोक्याला मारेन खिडकीशी आली. डोक्याला मोठी हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा. तिने हे गंभीरपणे मनावर घेतलं होतं.

"मी आयोवाहून आले आहे," ती म्हणाली.

"तरीच," डेल्फिना म्हणाली. "या उन्हाचा त्रास होत असेल तुम्हाला."

पहिले दोन प्रश्न सोपे होते. संग्रहालय झालेली खाण, आणि हवेली. डेल्फिनाने डोळे मिटून उजवा रकाना म्हणून दाखवला. तिसरा, डोंगरावरच्या पांढऱ्या मेरीमातेच्या पुतळ्याची बस कुठून सुटते? "बागेच्या फाटकाशी उभं—" ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. मारेनने वहीत फुली मारली. तिचाच हात जड झाला होता. चौथा, पाचवा ठीक गेले. सहावा प्रश्न आला, चांगली रॅव्हिओली कुठे मिळेल? आता यावर कुणीही फसलं असतं. डेल्फिनाने जी वाट सांगितली ती थेट पाण्यात जात होती.

दोन फुल्या. चार प्रश्न उरले आणि चुकायला जागा उरली नाही. डेल्फिनाने चष्मा पुसला. मारेन पान उलटायला नको तितका वेळ लावत होती.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. वरच्या गावातला न्हावी एमिल होता. दर शुक्रवारी प्रीमो बसने त्याच्याकडे जायचा, केस कापून बसने परत यायचा. सकाळीच जायचा, डोकं ठिकाणावर असताना.

"डेल्फी, प्रीमो घरी पोहोचला का?" एमिल म्हणाला. "सकाळची बस चुकली म्हणून आज उशिरा आला होता. निघून पाऊण तास झाला. जाताना म्हणाला, पाळी संपली, घरी जातो. मी हसलो गं. मला वाटलं, थट्टा करतोय. मग बघतो तर कोट इथेच खुंटीवर."

डेल्फिनाने घरी फोन लावला. वाजत राहिला. शेजारणीला लावला, तर तिने खिडकीतून बघून सांगितलं, दार बंद आहे, बसही येऊन गेली, प्रीमो उतरला नाही. मग तिच्या लक्षात आलं. पाळी संपली की प्रीमो सपाटीवर जात नसे. पाळी संपली की प्रीमो मीडरव्हिलला जायचा.

"गाडीत बसा," मारेन म्हणाली. हॅट आणि चष्मा तिने तिकिटांच्या गठ्ठ्यावरच टाकले.

गाडीत डेल्फिनाच्या तोंडून नीट शब्द निघेना. "एमिलपासून खाली... तो चालत जायचा... डोक्यावर टोपी असेल की नाही... खाली उतरायचा..."

"न्हाणीघरावरून की रुळांवरून?" मारेनने विचारलं.

"न्हाणीघरावरून. रुळांवरून पावसाळी चिखल असायचा, त्याला बूट खराब झालेले चालत नसत."

"म्हणजे पुढे शाळा. मग रिनाल्डी."

"रिनाल्डीला थांबणारच तो. पगाराच्या शुक्रवारी ब्रेडशिवाय घरी आला तर आई—" आणि इथे डेल्फिना थांबली. तिने मान वळवून मारेनकडे बघितलं. पोरगी समोर बघत गाडी हाकत होती. मोकळ्या जागेला तिने न्हाणीघर म्हणूनच वळसा घातला. रेंगाळली नाही, पाटी वाचली नाही. डेल्फिनाने विसरावा म्हणून जो रकाना हिने शनिवारी-रविवारी पायी हिंडून जमवला होता, तो हिलाच तोंडपाठ झाला होता.

"तुला येतं सगळं," डेल्फिना म्हणाली.

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस," मारेन म्हणाली. "बाहेर बघा. उजव्या बाजूला."

टायरच्या दुकानाशी तिने गाडी उभी केली. मालक वेस नावाचा दाढीवाला गडी बाहेरच उभा होता, चेहरा गोंधळलेला.

"म्हातारा? आला होता की," वेस म्हणाला. "अंगात नुसता शर्ट. टोपी काढून म्हणाला, दोन जुड्या कांड्या दे, आणि थोरली कशी आहे? मी म्हटलं, आजोबा, आमच्याकडे टायर आहेत. त्यावर म्हणाला, बरं, मग उद्या येतो. इतका नीट बोलला की मला वाटलं, शुद्धीवर आहे. मी कोट आणायला आत गेलो, बाहेर आलो तर हा नाही."

"कुठल्या बाजूला गेला?"

वेसने तो कोट तिच्या हाती दिला आणि हात करून दाखवलं. पुढे रस्ता दोनशे पावलांवर संपत होता. तिथून कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे खड्डा.

प्रीमो कुंपणाशीच होता. तारांच्या जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवून उभा, टोपी कमरेत खोचलेली, ताज्या कापलेल्या केसांवर बर्फ. ओठ निळे पडले होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. चेहऱ्यावर नुसता राग होता.

"डेल्फी! बरं झालं आलीस," तो म्हणाला. "बघ यांनी काय केलंय. मधेच कुंपण घातलंय. घर त्या बाजूला राहिलं."

डेल्फिनाने वेसचा कोट त्याच्या खांद्यांवर घातला, बटणं लावली.  "चल, गाडीत बस. किती गार पडलायस."

"ही कोण?" त्याने मारेनकडे बोट केलं. "कुणाची गं तू?"

"टॉफ्टेंची," मारेन म्हणाली.

"कुठल्या खाणीवर असतो तुझा बाप?"

"त्यांची गाईगुरं आहेत."

"मग मी नाही बसत परक्याच्या गाडीत," प्रीमो म्हणाला, आणि त्याने जाळी आणखी घट्ट धरली. "घर हे काय, समोर. मी चालत जाईन. तू मला फक्त वाट सांग, डेल्फी. फाटक कुठल्या अंगाला केलंय?"

वारा थेट पाण्यावरून येत होता. मारेन हळूच म्हणाली की ती मदतीला फोन करते. डेल्फिनाने हात करून तिला थांबवलं. दोघं-तिघं येऊन त्याला उचलतील, तो धडपडेल, रडेल. चाळीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या माणसाचं असं होऊ द्यायचं नव्हतं तिला. तिने त्याचा गार पडलेला कान तळव्याने झाकला आणि त्याच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली.

"ऐक. इथून मागे वळायचं. टायरच्या दुकानाला डावीकडे. मग सरळ खाली. पहिला दिवा सोडायचा, दुसरा सोडायचा, तिसऱ्या दिव्याला डावीकडे. पेट्रोल पंप उजव्या हाताला राहील. पंपानंतर नवी शाळा. शाळेनंतरचं चौथं घर. पांढरं, पायऱ्या हिरव्या."

एक शब्द अडला नाही. मारेन चार पावलांवर उभी राहून ऐकत होती.

"हे कुणाचं घर सांगतेस?" प्रीमो म्हणाला. "ते तर केवढं लांब आहे."

"आपलं घर आहे. आपण ते इथून उचलून नेलं. पायापासून कापून ट्रकवर चढवलं. तू लाल निशाण घेऊन ट्रकच्या पुढे चालत होतास, नवे बूट घालून. टाचा सोलल्या होत्या तुझ्या, आठवतं? रात्री मी मीठपाणी केलं."

प्रीमोने आपल्या बुटांकडे बघितलं. 

"आई उतरेना," तो म्हणाला.

"नाही उतरली."

"पोलीस म्हणाला, बाई, चालत्या घरात बसता येत नाही. ती म्हणाली, कपाटात माझे बारा कप आहेत, त्यांना कोण धरणार? मग स्वयंपाकघरातच बसून राहिली. खिडकीतून हात करत होती सगळ्यांना." त्याला हसू आलं. "एकही फुटला नाही."

"एकही नाही."

"म्हणजे घर तिकडे आहे."

"घर तिकडे आहे, प्रीमो."

त्याने जाळीतून एक हात सोडवला. मग थांबला आणि पलीकडे बघत राहिला. पिवळा कडा, तांबूस पाणी, त्यावर विरघळणारं बर्फ. "मग इथे काय आहे?" त्याने विचारलं.

डेल्फिनाच्या तोंडाशी सगळं आलं. चर्च आलं, शाळा आली, द्राक्षाच्या पेट्या आल्या, तिसऱ्या खांबासमोरची हवा आली. यातलं एकही नाव घेतलं असतं तर तो तिथून हलला नसता, हे तिला ठाऊक होतं. सतरा वर्षांत हजारो लोकांना जे तिने सांगितलं नव्हतं, ते आता तिला याच एका माणसाला सांगायचं होतं, ज्याला तिच्याइतकंच ते दिसत होतं. तिला वाटलं, आपण घरच्याच माणसांना दगा देतोय. 

"इथे काही नाही," ती म्हणाली. "इथे काहीच नाही रे. चल."

प्रीमोने दुसरा हातही सोडवला. तो मुकाट्याने गाडीत बसला. मारेनने गरम हवा पूर्ण सोडली. डेल्फिना मागे त्याच्या शेजारी बसली, त्याची बोटं आपल्या काखेत धरून, आणि आता तिने रडून घेतलं, आवाज न करता, लाली पसरेपर्यंत.

टायरच्या दुकानाशी गाडी आली तेव्हा प्रीमो एकदम सरळ झाला. "ब्रेड राहिला! थांबव, पोरी. कांड्या घ्यायच्या राहिल्या."

डेल्फिनाने तोंड उघडलं, पण तिच्यात आता आणखी एकदा सांगायचं बळ नव्हतं.

"रिनाल्डीकडचा आज संपला, प्रीमो," मारेन समोर बघत म्हणाली. "मी मघाशीच विचारलं. थोरली म्हणाली, उद्या ठेवते."

"बरं," प्रीमो म्हणाला आणि मागे टेकला.

पहिला दिवा गेला. दुसऱ्या दिव्याला त्याला डुलकी लागली. आरशात मारेनचे डोळे लाल दिसत होते. डेल्फिनाला त्या क्षणी ती पोरगी इतकी आपली वाटली की आपली आई असती तर तिने हिला त्या बारा कपांतला एक दिला असता.

"उरलेले चार प्रश्न उद्या विचार," डेल्फिना म्हणाली. "मला उत्तरं येतात."

मारेनने होकारार्थी मान हलवली, आणि तिसऱ्या दिव्याला गाडी डावीकडे घेतली.